आदूच्या खिडकीतला सात नंबर

आदू पोस्टमनबद्दल आमच्या बेटावर कुणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलं नाही. ज्याला कुणीच नावं ठेवत नाही अशा माणसाचा मला एरवी संशय येतो. तीस वर्षं शाळेत पोरं हाकल्यावर स्वभाव असाच होतो. पण आदूपुढे माझाही नाइलाज आहे. त्याच्यात दोष नव्हते असं नाही. तो चालताना शिट्टी वाजवायचा आणि ती कायम बेसूर असायची. तंबाखू इतका ओढायचा की अमेरिकेहून आलेलं पत्र काय आणि शेजारच्या गावाहून आलेलं काय, वास दोन्हींना एकच. पण स्वातंत्र्याच्या लढाईच्या दोन वर्षांत मरणाची बातमी आणणारं काळ्या काठाचं पाकीट त्यानं कुणाच्या दारात उभ्यानं दिलं नाही. आत जायचा, टोपी काढून बाकावर बसायचा, प्यायला पाणी मागायचा, आणि घरातली बाई पाणी देऊन समोर बसली की मगच पिशवीत हात घालायचा. पुढे पुढे बायकांना हे कळलं, आणि आदू पाणी मागतो की काय याचीच धास्ती बसली. लढाई संपली तरी वर्षभर त्यानं कुणाच्या घरी पाणी मागितलं नाही. तहान लागली की विहिरीवर जायचा.

त्याला एक धाकटा भाऊ होता, तोदेर. आईबाप पाठोपाठ गेले तेव्हा आदू एकवीस वर्षांचा आणि तोदेर तीन. आदू उन्हाळ्यात गलबतावर खलाशी म्हणून जायचा आणि तेवढे महिने तोदेर शेजारच्या इंगेलमावशीकडे जेवायचा. पुढे आदूनं त्याला शहरातल्या शाळेत घातलं, तिथून वकिलीला धाडलं, आणि स्वतःचं लग्नाचं वय होऊन गेलं हे त्याच्या लक्षातच आलं नाही. त्याआधी तोदेर गावच्या शाळेत माझ्या शेजारी बसत असे. माझ्या पाटीवरून गणितं उतरवायचा, आणि उतरवतानाही चुकायचा. असा मुलगा वकील झाला नाही तर काय होणार?

वकील झाल्यावर तोदेर राजधानीत, तालिनला, राहिला आणि अकरा वर्षं घरी फिरकला नाही. नाताळला एक छापील कार्ड यायचं. ते कार्ड आदू आपल्याच पिशवीतून आपल्याच घरी पोचवायचा, आणि त्या दिवशी इतर घरांच्या आधी आपल्या घरी जायचा नाही. ओळीनं जो नंबर येईल त्याच नंबराला.

दर उन्हाळ्यात, बर्चची पानं कोवळी असतात तेव्हा, आम्ही सगळे डहाळ्यांच्या जुड्या बांधून माळ्यावर वाळत टाकतो. वर्षभर दर शनिवारी वाफेच्या न्हाणीत अंगावर मारून घ्यायला त्या लागतात. आदू स्वतःसाठी बांधायचा तशी जुड्यांची एक जोडी तोदेरसाठी बांधायचा. तोदेर यायचा नाही, जोडी माळ्यावर तशीच राहायची, आणि पुढच्या वर्षी आदू तिच्या शेजारी नवी टांगायचा. जुनी का वापरत नाहीस म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाला, ती त्याची आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर १९१९ साली एकदा मतदान झालं होतं, पण तेव्हा निम्मे पुरुष लढाईवर होते. आता १९२० च्या नोव्हेंबरात पहिल्या पार्लमेंटची निवडणूक ठरली, आणि ऑक्टोबरात तोदेरचं पत्र आलं. कार्ड नव्हे, चांगलं चार पानी पत्र. आदू ते घेऊन शाळेत आला. त्याला वाचता यायचं, पण लिहायचं म्हटलं की बोटं आखडायची. आमच्या पिढीआधीच्या लोकांना शाळेत वाचायलाच शिकवलं, लिहायचं काम पाद्री आणि जमीनदार करत.

पत्रात लिहिलं होतं की तोदेरचा पक्ष सात नंबरच्या यादीवर उभा आहे आणि तोदेर त्या यादीत चौथा. पहिले तीन निवडून आल्यासारखेच आहेत, चौथ्याचं तळ्यात-मळ्यात. एकेक मत मोलाचं. आपल्या लाईमेत्सा गावातून तीस मतं मिळाली तर पक्षात त्याची मान ताठ राहील. शेवटी लिहिलं होतं की निवडून आलो तर कामाचा डोंगर पडेल, पुढची वर्षं बेटाकडे यायला सवड मिळणार नाही, हे दादानं समजून घ्यावं.

आदूनं टोपी गुडघ्यावर फिरवली. मग विचारलं, "मेंबर झाला की किती वर्षं?"

"तीन."

"आणि पडला तर?"

"तर मोकळाच की."

आदूनं फळ्याकडे पाहिलं. फळ्यावर सातचा पाढा होता. मला वाटलं तो नाही म्हणेल; मी असते तर म्हटलं असतं, आणि वर चार शब्द सुनावले असते. पण आदू म्हणाला, "लिही रीना. तीस देईन म्हणून लिही." मी लिहिलं. लिहिताना मला तोदेरचा इतका राग आला की निब मोडलं.

तेव्हाची पद्धत अशी होती की प्रत्येक पक्ष आपापली यादी छापून घरोघरी पाठवायचा. लोकांनी हवी ती यादी घरून आणायची, शाळेत निवडणूक समितीतर्फे मी देईन त्या पाकिटात पडद्यामागे घालायची आणि पेटीत टाकायची. म्हणजे ज्याची यादी त्या दिवशी घरात शिल्लक असेल त्यालाच मत. हे तालिनच्या लोकांना सरळ वाटलं असेल. पण तालिनच्या लोकांना लढाईनंतर कागद किती महाग झाला होता हे ठाऊक असलं तरी लाईमेत्साचे पुरुष तंबाखू कशात वळतात हे ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्र आठवड्यातून एकदा यायचं आणि सोमवारपर्यंत त्याचा धूर झालेला असायचा.

एक नंबरवाल्यांनी यादी छापली ती जाड, खाकी कागदावर. ती वळायला घेतली की मोडायची. चार नंबरवाल्यांची शाई इतकी कडू की एका झुरक्यात डोळ्यांतून पाणी. आणि सात नंबरवाल्यांनी काटकसर म्हणून कुठल्याशा छापखान्यातला प्रार्थनापुस्तकांचा उरलेला कागद स्वस्तात उचलला होता. पांढरा, पातळ, चुरचुरीत. शिवाय यादी लांबट, खिडकीच्या फटीवर बेतून छापल्यासारखी. आणि दिवस कुठले? नोव्हेंबरच्या तोंडाचे. आमच्याकडे खिडक्या त्याच सुमाराला बंद होतात, दोन चौकटींच्या मध्ये शेवाळ भरून फटींवर पिठाच्या खळीनं कागद चिकटवतात, आणि मग थेट एप्रिलात उघडतात. तेव्हा पुरुषांच्या हातून जे सुटलं ते बायकांच्या हाती लागलं.

आदूनं सगळ्या पक्षांच्या याद्या सारख्याच निष्ठेनं वाटल्या. सरकारी माणूस होता तो, स्वतःच्या भावाची यादीही इतरांच्या वर ठेवली नाही. सात नंबरच्या एकशेवीस याद्या बावन्न घरांत गेल्या, आणि आपलं काम झालं असं त्याला वाटलं. मतदानाला नऊ दिवस उरले असताना तो पवनचक्कीपाशी पोचला तर याकुप दाराशी उभा राहून मजेत धूर सोडत होता. याकुप हा पीठ दळणारा, आणि आमच्या निवडणूक समितीचा अध्यक्षही तोच, कारण गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचा.

"आदू, तुझ्या भावाची यादी ओढायला लई झकास बघ," तो म्हणाला. "अजून येणार हायेत का?"

आदूनं त्याच्या बोटांतल्या विडीकडे पाहिलं. तोदेरचं आडनाव पेटत पेटत याकुपच्या ओठांकडे निघालं होतं.

त्या दिवशी त्यानं टपाल देताना घरोघर विचारलं. शंभरावर याद्या गेल्यातच जमा होत्या. कुणी ओढली होती, कुणी खिडकीला लावली होती. एकीनं लोणी गुंडाळलं होतं, एकानं डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी घालून ठेवली होती. इंगेलमावशीनं तेवढी प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती, कागद तिथलाच वाटला म्हणून. लोकांना वाईट वाटलं नाही असं नाही. मत आम्ही सातलाच देणार होतो, असं सगळे म्हणाले. तोदेरला ओळखणारे गावात किती उरले होते? पण आदूनं मागितलं होतं, आणि ज्या ज्या घरात त्यानं घोटभर पाणी मागितलं होतं, त्या घराचं मत त्या पाण्याला होतं. फक्त ते द्यायचं कशानं हा प्रश्न होता. तालिनहून नवा गठ्ठा मागवावा तर त्या वाऱ्यात बोट आठ-आठ दिवस सुटत नव्हती.

शब्द दिला की दिला. दुसऱ्या दिवसापासून आदू टपालाच्या पिशवीबरोबर केटली घेऊन निघाला. घरात शिरायचा, चुलीवर केटली ठेवायचा, वाफ आली की नळी खिडकीच्या फटीशी धरायचा. खळ सुटली की नखानं हळूच कागद सोलून घ्यायचा आणि त्या जागी टपालखात्याचा खाकी कागद लावून द्यायचा. बायका कुरकुरल्या. घरात वारा शिरतो, पोरं शिंकतात, तुझा भाऊ तिकडे कोट घालून बसणार आणि आम्ही इथं गारठणार. आदू ऐकून घ्यायचा आणि जास्तीचं शेवाळ भरून द्यायचा. त्या हिवाळ्यात निम्म्या गावाच्या खिडक्या पोस्टमननं बंद केलेल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर इतक्या घट्ट त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत.

पुरुषांकडून याद्या सोडवणं अवघड होतं. ज्यांच्याकडे एखाददुसरी शिल्लक होती त्यांना आदू बदल्यात आपल्या पिशवीतला चिमूटभर तंबाखू द्यायला लागला. तंबाखू त्याचा स्वतःचा, परसातला, आणि अख्ख्या गावात त्याच्यासारखा कुणाचा पिकत नसे. दोन दिवसांत सात नंबरला भाव आला. चिमटीची मूठ झाली. ज्यांनी यादी नीट जपून ठेवली होती तेही मत देण्याआधी ती घेऊन आदूकडे यायला लागले, आणि मूठभर तंबाखू घेऊन, मतदानाच्या दिवशी यादी परत मागायला येतो म्हणून सांगून जायचे. सहाव्या दिवशी आदूची थैली रिकामी झाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो धुराविना चालत होता, आणि शिट्टीही बंद. त्याच तंद्रीत त्यानं पाद्रीबुवांना बिअरच्या सातूचं बिल दिलं आणि गुत्त्यावर पाद्रीबुवांचं प्रवचनाचं मासिक. गुत्तेवाल्यानं ते वाचलंही, म्हणतात.

शाळेत आला तेव्हा मी विचारलं, किती जमल्या?

"चौतीस," तो म्हणाला.

"आणि तुझी स्वतःची? की तीही कुणाला देऊन बसलास?"

"माझी सुरक्षित आहे," तो म्हणाला आणि केटली उचलून निघाला.

मतदान तीन दिवस चाललं. आम्ही वर्गाच्या कोपऱ्यात चर्चमधला जांभळा पडदा टांगला होता, त्यामुळे निम्मे लोक आत जाताना टोपी काढत आणि बाहेर येताना हळू आवाजात बोलत. याकुप दाराशी उभा राहून प्रत्येकाला पाय पुसायला लावत होता. एवढं सोडलं तर त्या तीन दिवसांत अध्यक्ष म्हणून त्यानं दुसरं काहीही केलं नाही. प्रचार करणाऱ्यानं शाळेपासून पन्नास पावलं लांब राहावं असा नियम होता. आदूनं पावलं मोजली. पोस्टमनची पावलं ती, त्यामुळे तो जवळजवळ दफनभूमीच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, आणि वाऱ्यात, पिशवीतून ज्याची त्याची यादी नाव घेऊन परत देत राहिला. पहिल्या दिवशी दोघे जण ती घेऊन आत आले आणि त्यांतला एक मला म्हणाला, बाई, काडी आहे का? मी त्याला तिथंच असं झापलं की तो मत देऊन पाय पुसून गेला. जाताना पाय पुसायचे नसतात, हेही त्याला सुचलं नाही.

इंगेलमावशी दुसऱ्या दिवशी आली. पडद्यामागे गेली आणि आतूनच म्हणाली, "बाई, तोदेर चौथा का? हे वरचे तिघं कोण?"

मी सांगितलं, की मावशी, मत अख्ख्या यादीला असतं.

"का म्हणून? माझी लापशी खाऊन तोदेर वाढला, हे तिघं नाही." पडद्यामागून कात्रीचा आवाज आला. मी नियमाचं पुस्तक उघडलं, पण कात्रीबद्दल त्यात काही नव्हतं.

आदू स्वतः तिसऱ्या दिवशी अगदी शेवटी आला. पाय पुसले, टोपी काढली, पाकीट घेतलं, पडद्यामागे गेला. बराच वेळ लागला त्याला. मला वाटलं, इतक्या दिवसांच्या दगदगीनं उभ्या उभ्या डुलकी लागली असेल. बाहेर आला, पाकीट पेटीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पेटी उघडली. एक नंबरची पाकिटं जाड आणि गुळगुळीत, चार नंबरची शाईनं काळवंडलेली. सात नंबरची ओळखायला उघडावी लागत नव्हती. एकाला लोण्याचा वास, एकाच्या कडेला पिठाच्या खळीचे पापुद्रे, तिसऱ्यात शेवाळाचा तुरा. टेबलाच्या पायाखालची यादी घडीवर इतकी दबली होती की उघडताना पुठ्ठ्यासारखी करकरली. इंगेलमावशीच्या यादीत मधोमध चौकोनी खिडकी कापलेली, वर सात नंबर, खाली एकटा तोदेर. आणि एका पाकिटातून निघाली ती अर्धी ओढलेली. कुणा म्हाताऱ्या खलाशानं निम्म्यावर विडी विझवून, उलगडून, वरचं उरलेलं टोक पाकिटात घातलं होतं. तोदेरचं नाव धुरात गेलं होतं, पण कोपऱ्यातला आकडा शाबूत होता.

मी म्हटलं, ही बाद. याकुपनं ती हातात घेऊन हुंगली. मग चार दिवसांत पहिल्यांदा अध्यक्षाचा आवाज काढला. "आकडा जिता, तर मत जितं," तो म्हणाला. "लिवा."

सात नंबरला लाईमेत्सातून एकतीस मतं पडली. मी बेरीज दोनदा केली, कारण मला आनंद झाला होता आणि आनंदात माझ्या बेरजा चुकतात. शेवटचं एक पाकीट उरलं होतं. ते उघडलं तर आत कागदच नाही. मी ते टेबलावर झटकलं, तर कोपऱ्यातून तंबाखूचा चिमूटभर भुगा पडला. परसातला, खमंग, ज्याच्यासारखा गावात कुणाचा पिकत नाही. त्याची थैली रिकामी झाली होती, पण चाळीस वर्षांचा खिसा तोच होता, आणि त्यात गेलेला हातही.

याकुप भुग्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. "कुणाचं म्हनावं हे?" तो म्हणाला, आणि त्याला उत्तर नको होतं हे मला कळलं. मी वहीत लिहिलं: रिकामं पाकीट, एक, बाद. भुगा मी हातानं गोळा केला. याकुपनं तो माझ्या हातातून घेतला आणि चार नंबरच्या कागदात वळून, डोळे पुसत, बाहेर जाऊन ओढला.

सात नंबरचे तिघे निवडून आले. चौथा, तोदेर, पडला, आणि चांगला सणसणीत पडला. आदूच्या एका मतानं त्यात काडीचा फरक पडला नसता, हे मी आकडे मांडून त्याला दाखवू शकले असते. मी दाखवलं नाही. तो पुन्हा टपाल वाटत होता, शिट्टी मात्र अजून सुरू झाली नव्हती, आणि रस्त्यात मी दिसले की टोपीला हात लावून दुसऱ्या बाजूनं जायचा.

फेब्रुवारीत समुद्र गोठला आणि एका शनिवारी दुपारी तोदेर बर्फावरून घसरगाडीनं आला. आदूनं मला जेवायला बोलावलं. म्हणाला, तू ये, मला एकट्याला त्याच्याशी काय बोलावं सुचायचं नाही. मी गेले. तोदेर जाडा झाला होता, पायांत शहरी पातळ बूट होते आणि बोलायला लागला की समोर न्यायाधीश बसलाय असं वाटायचं. टेबलावर राय धान्याची भाकरी, लोणी, धुरावलेले मासे आणि लाकडी मगात सातूची बिअर होती. तोदेरनं खाता खाता तीनदा सांगितलं की लाईमेत्साच्या एकतीस मतांचा पक्षात फार बोलबाला झाला, एवढ्याशा गावातून एवढी मतं दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराला पडली नाहीत. "दादा, तुझ्यामुळं मान राहिली," तो म्हणाला. आदू भाकरीला लोणी लावत होता. त्याच तुकड्याला तो बराच वेळ लोणी लावत होता.

नंतर तोदेर बर्फ बघायला म्हणून बिअरचा मग हातात घेऊन खिडकीशी गेला, आणि तिथंच थांबला. उजव्या फटीवर पिठाच्या खळीनं लांबट पातळ कागद चिकटवलेला होता, छापील बाजू घराच्या आत. वर सात आकडा. खाली चार नावं.

"ही माझी यादी आहे," तोदेर म्हणाला.

"वारा यायचा तिथून," आदू म्हणाला.

"कुणाची ही?"

मी भाकरीकडे बघत राहिले. वकील असला तरी हे गणित त्याला माझ्या पाटीवरून उतरवता येणार नव्हतं.

"माझी," आदू म्हणाला. सुरी खाली ठेवली. "तीस देईन म्हटलं होतं, एकतीस दिली. माझं त्यात धरलं नव्हतं. सगळ्या गावाच्या खिडक्यांवरचे कागद सोडवले तोदेर, पण या खिडकीपाशी केटली घेऊन दोनदा उभा राहिलो आणि काढवेना. तू निवडून आलास तर येणार नाहीस, हे तूच लिहिलं होतंस. दुसऱ्या कुणाला मत द्यावं, तर तू भाऊ. म्हणून रिकामं पाकीट टाकलं." त्यानं भाकरी बाजूला सारली. "तू पडलास त्या दिवशी मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून नंतर झोप लागेना."

 मला तोदेरचा अकरा वर्षांचा राग होता, पण त्याचा चेहरा पाहून तो राग काढायला जागा उरली नाही. तो कागदाकडे बघत होता आणि त्याचा खालचा ओठ, शाळेत पाटी हिसकावल्यावर व्हायचा तसा, पुढे आला होता. शेवटी त्यानं बिअरचा मग ठेवला, नाक पुसलं आणि विचारलं, "माझी जुडी बांधलीस का यंदा?"

"अकरा जोड्या आहेत वर," आदू म्हणाला.

"मग कुठली घेऊ?"

"सगळ्या तुझ्याच. जुनीपासून लाग."

न्हाणी तापलेली होतीच. दोघे आत गेले आणि मी अंगणात थांबले, कारण निघून जावं असं मला वाटेना. अकरा वर्षं वाळलेली बर्चची जुडी कशी असते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या फटक्याला पहिलीची सगळी पानं झडली. मग दुसरी, मग तिसरी. आतून फटक्यांचे आवाज आले, शिव्या आल्या, मग दोघांचं हसणं आलं. शेवटी दार उघडून तोदेर वाफेतून बर्फात बाहेर आला. लालबुंद, जाडजूड, आणि डोक्यापासून पायापर्यंत अकरा वर्षांची पानं अंगाला चिकटलेली. तेवढ्यात इंगेलमावशी लापशीचं भांडं घेऊन फाटकातून येत होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तोदेर," ती म्हणाली, "कान धुतले नाहीस."

त्यानंतर तोदेर दर वर्षी आला असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी शाळामास्तरीण आहे. तो एकाआड एक वर्षी आला. पुढच्या निवडणुकीला उभा राहिला नाही, आणि यायचा नाही त्या वर्षी कार्डाऐवजी पत्र पाठवायचा. आदूची शिट्टी त्याच आठवड्यात सुरू झाली, पहिल्यासारखीच बेसूर. तो दोन वर्षांपूर्वी गेला. ती बातमी तोदेरला पोचवायला आमच्याकडे आदूसारखा कुणी नव्हता, म्हणून मी तार केली, आणि तारेत बसून पाणी मागता येत नाही याचं मला फार वाईट वाटलं.

घराची किल्ली तोदेरनं माझ्याकडे ठेवली आहे. एप्रिल लागला की मी जाऊन खिडक्या उघडते, ती एक सोडून. तो कागद पिवळा पडलाय. उन्हानं चारही नावं उडाली आहेत, खळीला मुंग्या लागतात. वरचा सात मात्र अजून वाचता येतो, आणि याकुपचा आकड्याचा नियम मी वहीत लिहून ठेवलेला आहे.